डावी बाजू

ऑरिन लेहतोने तो बर्फगाडीवरून ओढत आणला,
नातवाच्या लाल बर्फगाडीवर, दोरीने बांधून,
वर आंघोळीचा टॉवेल.
डुलुथमध्ये त्या दिवशी उणे एकवीस,
सरोवरातून वाफा निघत होत्या.
"डावी बाजू बोलत नाही, व्हर्ना. असं मुलगी म्हणते.
मला विचारशील तर ठीक आहे सगळं."

सतरा किलो. अक्रोडाची पेटी, ॲल्युमिनियमचं तोंड,
एकोणीसशे शहात्तरचा माल.
मी लगेच प्लग लावला नाही.
गार लोखंडाला आधी घाम येऊ द्यावा,
मग तो वाळू द्यावा.
टेलिफोन कंपनीत एकतीस वर्षं तारा जोडून
शिकले ते एवढंच: आधी सोपं बघावं.
टेपचं बटण चुकून आत दाबलेलं राहिलंय का?
(मागच्या महिन्यात एका पाद्र्याचा रिसीव्हर
मी एका बोटाने दुरुस्त केला.
पैसे घ्यायला लाज वाटली. घेतले.)
इथे बटण बाहेरच होतं.

झाकण काढलं.
कुत्र्याचे केस, सिगारेटचा पिवळा थर,
ख्रिसमसच्या झाडाच्या वाळक्या सुया,
एक हेअरपिन.
ब्रशने झाडताना वाटलं,
कुणाच्या घरात न विचारता शिरलेय.

मध्ये साठ वॅटचा बल्ब घालून वीज सोडली.
बल्ब भगभगत राहिला, तर आत कुणीतरी वीज गिळतंय;
उजळून मंदावला, तर जीव आहे.
मंदावला.
एक, दोन, तीन, चार...
रिले टक् करून बसला.
तो टक् ऐकेपर्यंत अजूनही मी श्वास धरून असते.

व्हॉल्यूम फिरवला तर वाळू रगडल्यासारखी खरखर.
औषध मारून चाळीस वेळा इकडून तिकडे. खरखर गेली.
डावं मुकं.
दोन कपॅसिटर फुगलेले, बदलले. मुकंच.
डावीकडचा ट्रान्झिस्टर उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे.
दोष जागचा हलेना.
डावं-उजवं करू नये म्हणतात;
माझं पोट त्यावरच.
रात्री साडेअकरापर्यंत मी त्याच्याशी बोलत होते,
त्यातले काही शब्द इथे लिहीत नाही.

शेवटी पेन्सिलीचं रबराचं टोक घेऊन
बोर्डावर ठोकत गेले, डॉक्टर पाठ ठोकतो तसं.
एका जागी डाव्या स्पीकरने 'हं' केलं.
भिंग धरलं:
पिनेभोवती केसाएवढी गोल चीर.
कारखान्यात तो सांधा कधी जुळलाच नव्हता;
नुसता टेकून होता,
आणि टेकून टेकूनच
इतकी वर्षं निभावली त्याने.
राळेचा वास, चांदीसारखा एक थेंब.
तीन सेकंद.

डायलची दोरी तुटली होती, तीही ओवली.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे,
मी एकशे सहापर्यंत गाठला.

शनिवारी ऑरिन आला. मी लावून दाखवलं.
सभ्यपणे मान हलवत राहिला.
"काहीतरी आहे खरं तिकडे. भिंतीपलीकडे असल्यासारखं."
मग डाव्या कानाला बोट लावून म्हणाला,
"हा इंजिन रूममध्येच राहिला. चौऱ्याऐंशी साली,
खनिजाच्या बोटीवर."
मी गप्प. टेबलावर बिल होतं.

त्याने खुर्ची उचलली,
उलटी फिरवली,
स्पीकरांकडे पाठ करून बसला.
डावं आता उजवीकडे आलं.
बराच वेळ गेला.
"अगं," तो म्हणाला, "इथे पियानो आहे."
आणि मग, माझ्याशी नाही:
"इल्मा म्हणायची, पियानो बघ कसा वाजतोय.
मी म्हणायचो, कुठला पियानो?"

हेअरपिन मी बिलाच्या पाकिटात घातली होती.
त्याने पाकीट न उघडताच पैसे मोजले,
टॉवेल गुंडाळला, दोरीला दोन गाठी.
पायरीवर थांबून विचारलं,
"आणि बोटवाल्यांसाठीचं हवामान?
ते दोन्हीकडून सारखंच येईल ना?"

सारखंच, म्हटलं.